रिकाम्या एस्टीतला रुमाल

मुजावर सिस्टर हातांचा वास घ्यायच्या. नाव विचारणं नाही, गाव विचारणं नाही. बाहेरच्या दाराशी बेसिनवर कोपरापर्यंत हात धुऊन झाले की बोटानं नुसतं "वर" असं खुणवायच्या, आपण तळवा त्यांच्या नाकासमोर धरायचा, आणि मग डोळे बारीक करून त्या निकाल द्यायच्या.

"लसूण सोललाईस सकाळी. नखात हाय अजून. जा परत."

पहिल्या दिवशी त्यांनी मला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा काही न बोलता दार उघडलं. शाबासकी द्यायची त्यांची पद्धत नव्हती. दार उघडलं की समजायचं.

दाराच्या आत काचेच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि खिडकीकडून तिसऱ्या पेटीत माझी मुलगी होती. सातवा महिना पुरा व्हायच्या आत आलेली. वजन किलोला थोडं कमी. पेटीला चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलेलं, 'बेबी ऑफ वर्षा'. आपलं नाव असं कुठं लिहिलेलं मी शाळा सोडल्यावर पहिल्यांदाच पाहत होते, आणि शाळा मी सातवीतच सोडली होती.

आम्ही यवतमाळकडचे. माझे मिस्टर, गजानन, कोल्हापुरात ओतकामाच्या कारखान्यात लागले म्हणून उचगावात खोली घेतलेली. जवळपास माहेर नाही, सासर नाही, ओळखीचं माणूस नाही. भाषा म्हणायला तीच, पण कानाला धड लागत नव्हती. दवाखान्याच्या वॉचमननं "कुठलं पावणं?" म्हणून विचारलं, तर मी मागं वळून पाहिलं, कोण पाहुणे आले म्हणून. मी हो म्हणायला "हाव" म्हणायची. सिस्टरांनी ते पहिल्याच दिवशी पकडलं.

"हाव न्हाई. व्हय. काय म्हणायचं?"

"हाव," मी म्हटलं.

त्यांनी कपाळावर हात मारला नाही, कारण हात धुतलेले होते. पण मारावासा वाटला असावा.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या. बाहेर त्यांचा आवाज जिना उतरून खालच्या औषधाच्या दुकानात जायचा. पण आतलं दार ओलांडलं की तोच आवाज एकदम खाली यायचा. काचेच्या पेटीवर नुसतं बोट वाजवलं तरी आत ढोल वाजल्यासारखं होतं म्हणायच्या, म्हणून आत कुणाला मोठ्यानं खोकूसुद्धा द्यायच्या नाहीत. कुजबुजत बोलायच्या, पण त्या कुजबुजीतही हुकूम असायचा. "पुढं सरका. दारात गर्दी करू नका. मागनं जागा हाय." हे सगळं त्यांच्या वडिलांचं. वडील राधानगरीच्या गाडीवर कंडक्टर होते. त्यांचाच एक चौकड्यांचा मोठा, पुरुषी रुमाल सिस्टरांकडे असायचा. आत काही न्यायची परवानगी नाही म्हणून तो बाहेरच्या कपाटात ठेवायच्या, आणि ड्यूटी संपली की चार घड्या करून कमरेला खोचायच्या. त्या रुमालानं त्यांनी कधी तोंड पुसलेलं मी पाहिलं नाही.

त्या रुमालाचं काम मला पंधराएक दिवसांनी कळलं. सासूबाईंचा गावाकडून रोज फोन यायचा आणि रोज एकच प्रश्न, आंघोळ घातली का, टाळू भरली का. नाही म्हटलं की म्हणायच्या, "मंग पोरगी घाण ठेवता का रे तुमी?" मला ते मनात लागून राहिलं. भीत भीत मी सिस्टरांना विचारलं, बाळाला आंघोळ का घालत नाही. रागावतील असं वाटलं होतं. पण त्या दुपारी वॉर्ड शांत होता. त्यांनी मला पेटीजवळ नेलं.

"तिची कातडी बघ. कांद्याचा आतला पापुद्रा आसतोय का न्हाई, तसली. आईच्या पोटातनं आली तवा हिच्यावर कोण बसलेलं नव्हतं. रिकामी एस्टी. आता रिकामी एस्टी स्टँडात लागली की काय हुतंय?"

"गर्दी."

"आणि सीट कुणाला मिळती?"

"जो आंधी चढते त्याले."

"चुकलीस. जो खिडकीतनं आधी रुमाल टाकतोय त्येला."

मग त्यांनी समजावलं. जंतू सगळ्यांच्याच अंगावर असतात, माझ्याही, त्यांच्याही, डॉक्टरांच्याही. दिसत नाहीत एवढंच. बरेचसे घरच्यासारखे, सवयीचे, कुणाला त्रास न देणारे. पण दवाखान्यात काही टगे असतात. औषधं पचवून बसलेले. मोठ्या माणसाच्या कातडीवर त्यांना सहजी जागा मिळत नाही, कारण सगळ्या सीटा भरलेल्या. कमी दिवसांच्या बाळाची मात्र सगळीच रिकामी.

"तुझ्या अंगावरचं घरचं. त्यांनी रुमाल टाकला की टग्याला उभं ऱ्हावं लागतंय. म्हणून तुला कांगारूला बसवतोय."

कांगारू म्हणजे बाळाला कपड्याविना आपल्या उघड्या छातीवर घेऊन तासन्‌तास बसायचं, वरून कापड. मला वाटत होतं ते फक्त उबेसाठी असतं. त्या दिवसापासून मी बसले की मनातल्या मनात माझ्या अंगावरच्या माणसांना सांगायची, जा बाबांनो, टाका रुमाल.

नियमाला त्या कुणाला सोडायच्या नाहीत. शेजारच्या पेटीत मगदूम आजोबांचा नातू होता. गुळाचे मोठे व्यापारी, पांढरंशुभ्र धोतर, चालण्यात वजन. हातात जुनं घड्याळ.

"सिस्टर, चाळीस वर्षं झाली, ह्ये मी हातातनं काढलेलं न्हाई," ते म्हणाले.

"मग घड्याळ बाहेर थांबू दे, तुमी आत या."

आजोबांनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळ काढून सुनेच्या हातात दिलं, हात धुतले, तळवा पुढं केला. दार उघडता उघडता त्यांची नजर सिस्टरांच्या डाव्या हातावर गेली. तिथं चांदीची बारीक अंगठी होती, इतकी रुतलेली की दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं.

"आणि ही हो?"

"ती निघत न्हाई. बोट कापावं लागंल."

"मग कापा की," आजोबा म्हणाले.

बाकावर बसलेल्या आम्ही सगळ्या बाया हसलो. सिस्टरही हसल्या. नंतर आयाबाईनं मला सांगितलं, अंगठी लग्नातली आहे, आणि नवरा लग्नानंतर आठच वर्षं होता.

आता पेढ्यांचं सांगते. सांगायला अजून लाज वाटते, पण ते सोडून सिस्टर पुऱ्या होत नाहीत.

अधूनमधून बाळाच्या काखेतून, जांघेतून कापसाची काडी फिरवून तपासणीला पाठवायचे. मला इंग्रजी येत नाही, पण अक्षरं लावता येतात. आणि तिथं राहून एक शब्द मी पक्का शिकले होते, ग्रोथ. डॉक्टर सकाळी वजन बघून म्हणायचे, "ग्रोथ चांगली आहे," की माझा तो दिवस बरा जायचा. "ग्रोथ थोडी कमी आहे," म्हणाले की मी दुपारी जेवत नसे. एक दिवस फाइलमध्ये नवा कागद लावलेला दिसला. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. हेवी ग्रोथ.

मी बाहेर येऊन गजाननना फोन केला. म्हटलं, तुमच्या लेकीची ग्रोथ झाली, साधी नाही, हेवी. ते कारखान्यातून सुट्टी काढून, अंगावरची काळी भुकटी झटकत, पाव किलो पेढे घेऊन आले. सिस्टर चहाला बाहेर निघाल्या होत्या. मी पुडा पुढं केला. त्यांनी पेढा घेतला, अर्धा तोंडात टाकला.

"कशाचं गं?"

"ग्रोथचे. हेवी ग्रोथ आली न रिपोर्टात."

त्यांचं चावणं थांबलं. तोंडातलं त्यांनी कसंबसं गिळलं. उरलेला अर्धा पेढा पुन्हा पुड्यात ठेवला, पुडा नीट बंद केला आणि गजाननच्या हातात दिला.

"बसा दोघं," त्या म्हणाल्या. "ही ग्रोथ पोरीची न्हाई, वर्षे. जंतूची हाय. टगा सीटवर बसलाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी विचारलं, "पोरगी मरन का?"

"अंगावर हाय. अंगात न्हाई."

आमच्या गावात अंगात येणं म्हणजे देवी येणं, घुमणं. मी तसंच विचारलं, "अन्‌ अंगात आलं तं?"

"आलं तर औषध हाय, पर औषधाला बी तो टगा लई चिवट हाय. म्हणून येऊ द्यायचं न्हाई. रक्ताची तपासणी पाठवलीय. पाच दिवस लागतील. तवर आपण आपलं काम करायचं."

काही होणार नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दोनदा म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला, तरी नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी खोटं बोलल्या असत्या तर पुढच्या खऱ्यावर माझा विश्वास बसला नसता.

पेटी कोपऱ्यात हलवली. तिच्यावर लाल कागद लागला. तिचा स्टेथोस्कोप वेगळा, तिला हात लावायचा तर झगा वेगळा. डॉक्टरांनी सांगितलं, कांगारू बंद करायचं नाही, उलट आता जास्त गरज आहे. हे मी ऐकलं. पण ऐकणं वेगळं आणि भिणाऱ्या माणसाचं डोकं वेगळं. उचगावच्या खोलीत आम्ही फरशी पुसायला एक औषध ठेवायचो, पाण्यात टाकलं की पांढरं होतं ते. त्या रात्री माझ्या मनात एकच, टगा माझ्याच अंगावरून गेला असेल तर. सकाळी आंघोळीच्या बादलीत मी ते औषध ओतलं, आणि टाच घासायच्या दगडानं गळ्यापासून पोटापर्यंत अंग घासून काढलं. आग आग झाली. मला ती आग बरी वाटली.

सिस्टरांना माझा तळवा बघावाच लागला नाही. दोन पावलांवरूनच त्यांना वास आला.

"आंघोळ कशानं केलीस?"

मी सांगितलं. त्यांनी मला पडद्यामागं नेऊन पदर बाजूला करून पाहिलं. कातडी लालभडक, दोन ठिकाणी सोललेली.

"का गं?"

"टगा पळून जाईन म्हनून."

"अगं येडे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बाहेर असूनही आतल्यासारखा हळू होता. "टग्याला उठवायला आपण कुणाला पाठवत हुतो? घरच्यास्नीच की. त्यांनाच मारून टाकलंस व्हय. आज कांगारू न्हाई. उद्या बी न्हाई. ही कातडी बरी हुईपातूर पोरगी हिच्यावर ठेवायची न्हाई."

मी बाकावर बसून रडले. पाच दिवसांतले दोन मीच वाया घालवले होते. सिस्टर शेजारी येऊन बसल्या. ड्यूटीवर बसलेलं मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं.

"तुझं चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "हात घास, हात घास, म्हणून मीच तुझ्या डोक्यात घातलं. कुठं थांबायचं ते सांगायचं ऱ्हायलं." मग त्यांनी डावा हात मांडीवर पसरला. "आणि जंतू काय चालत येत न्हाई बघ. त्येला पाय नसत्यात. आपलं हातच त्येचं पाय. पोरीला तुझं हात लागत्यात, माझं बी लागत्यात. तुझ्यापेक्षा जास्त."

उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी अंगठी फिरवायचा प्रयत्न केला. ती जागची हलली नाही. त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा तासभर उशिरा आल्या, आणि डाव्या हाताचं बोट मोकळं होतं. अंगठीच्या जागी गोल, पांढरी, ओली वाटावी अशी खाच पडलेली. सराफाकडून कापून घेतली, असं आयाबाईनं सांगितलं. आणि त्याआधी अंगठीच्या कडेनंही कापसाची काडी फिरवून तपासणीला दिली, तीही त्यांनी स्वतः सांगून. मगदूम आजोबा त्या दिवशी नातवाला घरी न्यायला आले होते. त्यांनी हात धुतले, तळवा पुढं केला, सिस्टरांच्या बोटाकडं पाहिलं, आणि पुढं केलेला तळवा दुसऱ्या तळव्याला जोडला.

"आता पुन्हा धुवा ते," सिस्टर म्हणाल्या. आजोबांनी धुतले.

मी दोन-तीन दिवसांनी धीर करून विचारलं, तुमच्या बोटाच्या रिपोर्टात काय आलं.

"आलं ते आलं," त्या म्हणाल्या. "सीट रिकामी केली."

त्यापलीकडं त्यांनी मला कधीच काही सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी कातडी पाहिली, नुसत्या पाण्यानं आंघोळ केल्याची खात्री करून घेतली आणि मुलीला स्वतःच्या हातानं माझ्या छातीवर ठेवलं. एवढीशी पाठ, त्यावर त्यांचा मोकळा हात. "हलू नको. कंडक्टर सांगीपातूर उतरायचं न्हाई." मी चार तास बसले. पाणीसुद्धा त्यांनीच पाजलं.

पाचव्या दिवशी रक्ताचा कागद आला. तो त्यांनी माझ्याच हातात दिला. "वाच."

मी बोट ठेवलं. "नो... ग्रोथ." ग्रोथच नाही म्हणजे आता वजनही वाढणार नाही, असंच माझ्या डोक्यात आलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे मास्कच्या वर बारीक झाले होते, पण निकाल देतानाचे नव्हे.

"कुणाची न्हाई?" त्यांनी विचारलं.

"जंतूची," मी म्हटलं.

"कुठं न्हाई?"

"अंगात."

"आता आण पेढं. आणि आज पुरा खाणार मी."

टगा काही लगेच उतरला नाही. पुढच्या तपासणीत थोडा कमी, त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी कमी, आणि त्याच कागदावर खाली दुसऱ्याच एका जंतूचं लांबलचक नाव. त्यावर बोट ठेवून सिस्टर म्हणाल्या, "ह्ये बघ. ह्ये तुझं." माझ्याकडून मुलीला गेलेली ती पहिली वस्तू. चेहरामोहरा कुणासारखा, ते तेव्हा कळतही नव्हतं.

दोन महिन्यांनी आम्ही घरी निघालो. नाव ठेवलं होतं पूर्वी. सिस्टर म्हणाल्या, "बरोबर हाय. वेळेच्या पूर्वीच आलीया." मी पाया पडायला वाकले तर मागं सरकल्या. "पायाला हात लावशील आणि तसाच पोरीला लावशील." दारातून एवढंच सांगितलं, कोण काय म्हणू दे, तिला घासत बसू नको. आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तळव्याकडं वळल्या.

परवा उन्हाळ्यात आम्ही गावाकडं निघालो होतो. पूर्वी आता साडेतीन वर्षांची आहे. गजानन तिकिटाची चौकशी करायला गेले आणि मी तिला घेऊन मध्यवर्ती स्टँडवर उभी होते. राधानगरीच्या फलाटावर मुजावर सिस्टर दिसल्या. पांढऱ्या कपड्यांविना मी त्यांना प्रथमच पाहत होते. निवृत्त झालेल्या, अंगानं उतरलेल्या, हातात पिशवी, कमरेला तो चौकड्यांचा रुमाल. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पूर्वीकडं, आणि बराच वेळ पूर्वीकडंच.

"तिसरी पेटी," त्या म्हणाल्या. "मग कोपऱ्यातली."

पुढं बोलणं व्हायच्या आत गाडी लागली आणि सगळी माणसं खिडक्यांकडं धावली. सिस्टरांनी कमरेचा रुमाल ओढून माझ्या हातात कोंबला.

"टाक गं. माझा खांदा वर जात न्हाई आता."

रुमालाच्या एका कोपऱ्याला गाठ होती. बोटांना आत काहीतरी टणक लागलं, वाकडं, एका जागी तुटलेलं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"बघतीस काय? टाक की. गाडी भरली."

मी टाकला. त्या गाठीच्या वजनानं रुमाल मध्येच उघडला नाही, सरळ खिडकीतून आत जाऊन दुसऱ्या सीटवर पडला. मी दारातून वाट काढत सिस्टरांना वर चढवलं, तोवर एक गडी त्यावर बसायच्या बेतात.

"पावणं, रुमाल दिसंना व्हय?" सिस्टर म्हणाल्या, आणि तो आवाज अजून तसाच होता. गडी मुकाट्यानं उठला.

मी खाली उतरून खिडकीशी आले. त्यांनी गाठ चाचपून पाहिली, रुमालाच्या चार घड्या केल्या आणि मग बोटानं "वर" अशी खूण केली. मी पूर्वीला उचलून धरलं. तिचा तळवा त्यांनी नाकाशी नेला. त्यांच्या बोटावरची खाच अजून पुरती भरलेली नव्हती.

"माती," त्या म्हणाल्या. "चिक्की खाल्लीया. आणि कुत्र्याला हात लावलाय."

"धुवून आणू?" मी घाईनं विचारलं.

"जेवायच्या आधी. आत्ता ऱ्हाऊ दे. घरचीच हाईत ती."

कंडक्टरनं घंटी मारली.

"पोचल्यावर फोन करा, सिस्टर."

"हाव," त्या म्हणाल्या.

गाडी मागं सरली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. मी हात हलवत राहिले. पूर्वीनं मात्र हलवला नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती आपला तळवा नाकाशी धरून, डोळे बारीक करून उभी होती.